कोपराचं शून्य

प्रियंकाने माझं नाक मला कॉम्प्युटरवर दाखवलं तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी सकाळपासून चहाचा घोटही घेतलेला नव्हता. पॅनलवर बसायचं असलं की चहा नाही, केसांना तेल नाही, पावडर नाही, गजरा तर स्वप्नातसुद्धा नाही. सोळा वर्षं मी अशी कोरडीठाक येऊन पांढऱ्या खोलीत बसते. आमची लॅब मरोळच्या एमआयडीसीत, तिसऱ्या गाळ्यात, खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आणि वर आम्ही. झाडापाल्याचे अर्क आणि सुगंधी तेलं आमच्याकडे तपासायला येतात. कुणाचं झोपेचं तेल, कुणाचं गुडघ्यांचं, कुणाचं नुसतंच ‘मन शांत करणारं’. तेलात काय काय आहे ते मशीन सांगतं. पण ते माणसाच्या नाकाला कसं आणि किती लागतं ते मशीनला सांगता येत नाही, म्हणून आम्ही सहाजण. कागदाची पट्टी तेलात बुडवायची, नाकाखाली धरायची आणि शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. मी त्या सहाजणांची प्रमुख. शिक्षण बारावी, नोकरीला लागले ती बाटल्या धुवायला, आणि प्रमुख झाले ती निव्वळ नाकावर. म्हणजे लोकांच्या नाकावर राग असतो, माझ्या नाकावर माझं सगळं घर होतं. ‘होतं’ असं मी आत्ता सहज लिहून गेले, पण त्या साडेअकरा वाजता खरोखरच तसं वाटलं.

प्रियंका आमच्याकडे क्वालिटी बघते. सत्तावीस वर्षांची, घाटकोपरला राहते, तिचे आजोबा जालन्याहून येऊन इथे रस्त्याच्या कामावर लागले आणि नात केमिस्ट्रीत एमएस्सी झाली, हे ती स्वतः कधी सांगत नाही, तिची आई डबा द्यायला आली होती तिने सांगितलं. पुढच्या बुधवारी ऑडिट, म्हणून ती जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवत होती. चढवता चढवता तिने प्रत्येकाच्या आकड्यांची रेघ काढली. पाचजणांच्या रेघा एकमेकींना धरून चाललेल्या, शाळेतून सुटलेल्या मुलींसारख्या. सहावी माझी. लवंगेला मी त्यांच्यात, निलगिरीला त्यांच्यात, गवती चहाला तर सगळ्यांच्या बरोबर मधोमध. फक्त वाळ्याला मी खाली. जिथे बाकीचे सहा लिहितात तिथे मी चार. दोन हजार तेराच्या जूनपासून, वर्षानुवर्षं, न चुकता चार. आणि ह्या जानेवारीपासून माझी रेघ हळूहळू वर चढली आणि मार्चपर्यंत बाकीच्यांना जाऊन मिळाली.

“ताई, टेन्शन घेऊ नका,” ती म्हणाली, आणि असं कुणी म्हटलं की घ्यायची वेळ आलेली असते हे मला कळतं. “रिपोर्ट काही चुकलेले नाहीत, सहाजणांची सरासरी असते, वर मशीन आहे. पण ऑडिटवाले हे धरणार ना. इतकी वर्षं खाली आणि आता एकदम वर. कारण लिहावं लागेल. कारण नसेल तर तुमचं नाव पॅनलवरून काढावं लागेल मला.”

तिने एक फॉर्म दिला. त्यात वरती नाव-तारीख वगैरे, आणि खाली दोनच रकाने महत्त्वाचे. एकावर लिहिलेलं, ‘बिघाडाचे मूळ कारण’. दुसऱ्यावर, ‘कारण दूर करण्यासाठी केलेली उपाययोजना’. सोमवारपर्यंत भरून द्यायचा होता. मी तो घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला आणि परत पांढऱ्या खोलीत गेले. पुढची पट्टी उचलण्याआधी नेहमीच्या सवयीने डावा हात वाकवला आणि कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावलं. हे आमच्यात सगळेच करतात. एका वासावरून दुसऱ्यावर जाताना नाक पुसून काढायला लागतं, आणि त्याला स्वतःच्या कोपरासारखं दुसरं काही नाही. आपल्या अंगाचा आणि आपल्या बाहीचा वास आपल्याला येत नाही, म्हणून कोपर म्हणजे शून्य. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. त्या दिवशी मी कोपराला नाक लावून जरा जास्तच वेळ बसले. शून्यच होतं. मग चूक कुठे होती, ते त्या शून्याने सांगितलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी ह्याच सिंकवर मी बाटल्या धुवत होते. एकदा मी तेव्हाच्या मोठ्या साहेबांना म्हटलं की कालची निलगिरी आणि आजची निलगिरी एक नाही, आजच्यात काहीतरी मिसळलंय. ते हसले, पण मशीनला लावून बघितलं, आणि मग हसायचे थांबले. त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं असं मी सगळ्यांना सांगत आले. नाकासमोर चालणारी बाई, आणि नाकाने वर चढलेली. ह्या गोष्टीची मला इतकी सवय झाली होती की नाकाशिवाय माझ्यात आणखी काही आहे का हे बघायची वेळच आली नव्हती. आता ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना. वर चढलेली रेघ, म्हणजे नाक आता चांगलं आहे, म्हणजे आधी वाईट होतं, म्हणजे इतकी वर्षं मी प्रमुखाच्या खुर्चीवर बसून नाकाने कांदे सोलत होते. मृणालिनी माझ्या शेजारी बसते, तिचे आकडे बिनचूक, ती कधी बोलत नाही. तिला हे आधीच ठाऊक असेल का, असं मनात आलं. घरी जाताना मरोळ नाक्याच्या सिग्नलला उभी राहून मी वास मोजत गेले. फरसाणवाल्याचं तापलेलं तेल आठ. रिक्षाचा धूर सात. माझ्या पुढच्या बाईच्या पाठीवर टाल्कम, तीन. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त वाळा.

आमचं घर मरोळ पाइपलाइनच्या बाजूला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे सासरे गिरणीत होते, साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, आणि गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून इथे आले. ते गेले त्याला वीस वर्षं झाली. माझे यजमान चंद्रप्रकाश सहारला विमानतळाच्या कार्गोत आहेत, मुलगी ऋतिका आठवीत. आणि सासूबाई. त्यांचं नाव शकुंतला, गावाकडचे सगळे शकु म्हणतात, मी आई. ह्या जानेवारीत त्यांचा गुडघा बदलला आणि जिने चढायला नकोत म्हणून माझ्या नणंदेने, वनमालाताईंनी, त्यांना मुलुंडला नेलं. त्यांच्याकडे लिफ्ट आहे. हे मी सरळ सांगून टाकते, कारण पुढे ज्याची लाज वाटली त्यात हेही आहे, की आई मुलुंडला गेल्यावर मला बरं वाटलं. घर मोठं झालं. संध्याकाळी आल्या आल्या कुणी तोंडाकडे बघून ‘आज उशीर झालो गो’ म्हणणारं नव्हतं. डॉक्टरांनी मार्चमध्येच जिने चढायला परवानगी दिली होती, आणि आईंनी दोनदा फोनवर विचारलं होतं की मी कधी येव. दोन्ही वेळा मी म्हटलं, ऊन जरा उतरू दे.

आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, पण एक गाठ होती आणि ती अगरबत्तीची होती. मी पॅनलवर गेले त्या वर्षी आम्हाला नियमांचा कागद दिला होता. सकाळी घरात धूप नको, उदबत्ती नको, कपड्याला वासाचा साबण नको. मी तो कागद फ्रीजवर चिकटवला आणि घरातल्या वासांच्या मागे लागले. फिनेल गेलं, डांबरगोळ्या गेल्या, यजमानांचं अत्तर कार्गोच्या लॉकरमध्ये गेलं. शेवटी देवाऱ्यासमोर आईंची अगरबत्ती उरली. ती संध्याकाळी लावा, सकाळी नको, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवापुढे नुसते हात जोडले आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात देवाला म्हणाल्या, “आता हिचां नाक तुझ्यापेक्षा मोठां.” हे वाक्य मला सोळा वर्षं पुरलं. माझे कामाचे कपडे मात्र त्या मशीनमध्ये टाकू देत नसत. सायबिणीचे कपडे हातान धुवचे, म्हणायच्या. दुपारी बिनवासाच्या साबणाने चार सुती कुडते बडवून, वाळवून, घडी घालून माझ्या खणात ठेवायच्या. मी ते टोमण्यासारखं घेतलं. टोमणाच होता तो, पण नुसता टोमणा कुणी इतकी वर्षं धुवत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या रात्री जेवताना मी रेघेची गोष्ट यजमानांना सांगितली. ते म्हणाले, वय झालं असेल नाकाचं. मी म्हटलं, वय झालं तर नाक उतरेल, चढेल कसं. ते म्हणाले, मग मोबाइलसारखं अपडेट झालं असेल, आणि ऋतिका हसली. मी हसले नाही. भांडी आवरल्यावर प्रियंकाने पाठवलेलं चित्र फोनवर उघडून बघत बसले, तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी सकाळी दिसली नव्हती. खालच्या रेघेच्या मध्ये एक टेकडी होती. दोन हजार सतरा, एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात. तेवढ्यात मी चारवरून सहाला गेले होते आणि परत चारला आले होते. त्या उन्हाळ्यात काय झालं होतं ते आठवायला वेळ लागला नाही, कारण त्या उन्हाळ्यात मी रोज पहाटे उठून कपडे धूत होते. आई गावाला गेल्या होत्या. पावसाआधी घराची कौलं परतायची होती, दादू म्हणून त्यांचा चुलतभाऊ आहे त्याच्याबरोबर. सहा आठवडे. तेव्हा मला किती राग आला होता, ऋतिका पाच वर्षांची, शाळा बंद, आणि ह्या कौलांवर.

आई घरात नाहीत तेव्हा माझं नाक वर. आई घरात असल्या की खाली. मला आधी, आता लिहायला हात धजत नाही, पण आधी आनंदच झाला. म्हणजे दोष माझा नाही. म्हणजे त्या चोरून काहीतरी लावत होत्या, मी कामावर गेल्यावर, नियमांच्या कागदाला न जुमानता. फॉर्ममधला पहिला रकाना मी मनात भरूनसुद्धा टाकला. मग उठून कपाट उघडलं. माझ्या खणात वरचे सगळे कुडते मशीनमध्ये धुतलेले, माझ्याच हातच्या बेंगरूळ घड्या. अगदी तळाला एक फिकट निळा कुडता होता, कोपरावर विरलेला म्हणून मी डिसेंबरपासून घातला नव्हता. त्याची घडी आईंची. त्या बाह्या पाठीमागे दुमडून अशी चौकोनी घडी घालतात की वर ग्लास ठेवला तर सांडणार नाही. मी तो कुडता उचलला आणि कोपरापाशी, जिथे मी सोळा वर्षं नाक लावत आले, तिथे नाक लावलं.

वाळा. थंड, मातीतला, माठाच्या तळाचा वास, आणि त्याच्या मागून थोडं धुराचं. सवयीने माझ्या तोंडून आकडा निघाला. सहा. मग मी कपाटाच्या दाराला धरून खाली बसले. हा वास मी ओळखत होते, पण वाळा म्हणून नाही. धुतलेल्या कपड्याला हाच वास असतो असं मी धरून चालले होते, आणि मग काही दिवसांनी तो येईनासाच झाला असणार, आणि जो येत नाही त्याला मी शून्य म्हणायला लागले. घरातले जे जे वास मला येत होते ते सगळे मी बंद केले होते. जो येत नव्हता तो माझ्या बाहीवर बसून रोज माझ्याबरोबर कामाला येत होता. नाकाखाली वाळ्याची पट्टी धरायची, मग कोपर हुंगायचं, आणि कोपरातही वाळाच. दोन वजा झाले नाहीत तरच नवल. इतकी साधी चूक बाटल्या धुणाऱ्या पोरीनेही केली नसती. ती फक्त प्रमुखच करू शकते.

पण हे सगळं हिशेबाचं झालं, आणि तिथे खाली बसले असताना मला हिशेब सुचत नव्हता. मला फक्त एवढंच कळत होतं की इतकी वर्षं माझ्या अंगावर कुणीतरी काहीतरी ठेवलेलं होतं आणि मी ते घालून हिंडत होते. यजमान विचारत आले की काय झालं. मी कुडता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हुंगला आणि म्हणाले, आयेच्या पाण्याचा वास. दादूमामा दर मे महिन्यात कोकमाबरोबर वाळ्याची जुडी पाठवतो, ती माठात घालायची, हे तर मलाही ठाऊक होतं. एवढी मोठी जुडी एका माठाला कशी लागते, हे मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरातल्या गोष्टी मी नाकाने बघत होते, डोळ्याने नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी पॅनलवर बसले. आकडे लिहिले, बरोबर लिहिले. प्रियंका काही विचारत नव्हती, पण जाता-येता बघत होती. शनिवारी मी तिला सांगितलं, कारण कळल्यासारखं वाटतंय, पण माणसाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. ती म्हणाली की वासाचं कारण घरातच असेल तर सोपं आहे, ते बंद करायचं, दोन महिने थांबून पुन्हा चाचणी द्यायची, खुर्ची कुठे जात नाही. आणि नाही बंद झालं तर, असं मी विचारलं. मग वाळ्याचे नमुने तुम्हाला देता येणार नाहीत, ती म्हणाली, आणि प्रमुखाला सगळे नमुने घेता आले पाहिजेत, हा नियम माझा नाही ताई. हल्ली आमच्याकडे येणाऱ्या तेलांत निम्मा वाळा असतो. सगळ्या मुंबईला झोप येत नाहीये बहुतेक. खुर्चीची किंमत मला समजत होती.

रविवारी सकाळी पवईवरून रिक्षा करून मी एकटीच मुलुंडला गेले. वनमालाताईंचं घर सातव्या मजल्यावर, गॅलरीतून डोंगर दिसतो. आई गॅलरीत खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. मला एकटीला बघून त्यांनी आधी ऋतिकाला बरं नाही का विचारलं. मी म्हटलं बरी आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, कुडतो मशीनीत धुतलंस. गुडघ्याबद्दल बोललो, लिफ्टबद्दल बोललो, ताईंचा मुलगा आजीशी मोबाइलवर हिंदीत बोलतो ह्याबद्दल बोललो. ताई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी पिशवीतून निळा कुडता काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मटाराच्या सालींवरच ठेवला गेला. मी विचारलं, आई, ह्याला वाळा कधीपासून लावताय.

त्यांनी कुडत्यावरून हात फिरवला, विरलेल्या कोपरावर थांबल्या. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं नाही. उलट जरा वैतागल्यासारख्या दिसल्या, की एवढ्या जुन्या गोष्टीसाठी ही रिक्षा करून आली.

“लावूक कित्या? शेवटच्या पाण्यात घालतंय,” त्या म्हणाल्या. “ऋतिका वर्षाची होती तेव्हापासून. तू घराक येयस तेव्हा तुझ्या अंगाक धा बाटल्यांचो वास येय. जेवणाचो वास तुका येय नाय. झोपेत नाक चोळीस. एक दिवस तू चेडवाच्या डोक्याचो वास घेतलंस आणि रडाक लागलंस. म्हणालंस, आई, हिच्यापण अंगाक लवंगेचोच वास येता.”

मी हे विसरले होते. विसरले म्हणजे काय, घडी घालून तळाला ठेवलं होतं. तेराच्या मे महिन्यात आमच्याकडे लवंगेचं मोठं काम आलं होतं, दातांच्या औषधाचं, रोज तीस-तीस पट्ट्या. महिनाभर मला दुसरा कसलाच वास येत नव्हता. भात लवंगेचा, उशी लवंगेची. माझी मुलगी वर्षाची, आणि लोक ज्या बाळाच्या टाळूच्या वासासाठी जीव टाकतात तिथे मला दातांचं औषध येत होतं. मी रडले असेन. त्या रात्री आई काय म्हणाल्या ते आठवत नाही. पण पुढे केव्हातरी ते थांबलं. मी कामाची सवय झाली म्हणून थांबलं असं समजत होते. घरी येऊन मुलीला उचलताना आधी स्वतःच्या बाहीत नाक खुपसायची मला सवय लागली होती, कामावरचीच सवय, आणि त्यानंतर मुलीला मुलीचा वास यायचा. दुधाचा, घामाचा, खोबरेलाचा. तेरा वर्षांची झाली ती, आणि तिच्या लहानपणाचे सगळे वास माझ्याकडे आहेत. ते मला कुणी दिले हे मला त्या गॅलरीत बसून कळलं, समोर मटाराच्या साली.

आई पुढे बोलत होत्या. “तेव्हा म्हटलंय, हिच्या नाकाक खयतरी इसावो होयो. वाळो थंड.” मग माझ्याकडे न बघता, डोंगराकडे बघत म्हणाल्या, “तुझे सासरे साच्यार. घराक इले तरी साचे कानात चलतच. मी बोललंय तां तेंका आयकाक येय नाय. जल्मभर मी तेंच्याशी वरडान बोललंय. तेंच्या कानांका देवक माझ्याकडे काय नाय होतां. तुझ्या नाकाक होतां.”

सासऱ्यांचा आणि माझा सहवास तीनच वर्षांचा. मोठ्याने बोलणारी, सदा भांडल्यासारखी वाटणारी दोन माणसं, हेच मला आठवत होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की ही बाई तापट आहे. ती तापट नव्हती, ती ऐकू जावं म्हणून ओरडत होती, आणि ते गेल्यावर आवाज खाली आणायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्या ओरडण्यात कुठले कुठले गोड शब्द वाया गेले असतील ते आता कोण सांगणार.

मला सांगितलं का नाही, एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस, अगरबत्ती केलीस तशी. त्यात राग नव्हता. हे अगदी खरं होतं आणि दोघींनाही माहीत होतं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं असावं की मी काही उगाच आलेली नाही. कुडत्यावरचा हात त्यांनी उचलला. डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, मला वाटतं मी ऐकलेल्या सगळ्यात हळू आवाजात, म्हणाल्या, “माझ्यामुळे तुझां कामार काय वायट झालां काय गो?”

डब्याच्या पिशवीत तो फॉर्म होता. माझ्या मांडीवरच होता. मी म्हटलं, “नाही आई. चांगलंच झालं.”

त्यांना ते पटलं की नाही कुणास ठाऊक. ताई चहा घेऊन आल्या. मी दोन कप प्यायले, रविवार होता. निघताना मी आईंना म्हटलं की पुढच्या शनिवारी हे टॅक्सी घेऊन येतील, तुम्ही घरी चला. त्या म्हणाल्या, ऊन उतरूचां आसा ना. मी म्हटलं, नाही उतरलं तरी चला. जिने चढताना मी मागे असेन. त्यांनी मटाराचं भांडं ताईंकडे दिलं, आणि आपली औषधांची पिशवी कुठे आहे ते विचारलं, जणू टॅक्सी खाली उभीच आहे. मग म्हणाल्या की दादूला फोन कर, ह्या वर्षी जुडी मोठी पाठव म्हणावं, पहिली सगळी संपली असेल. मी पायऱ्यांनी उतरले, सात मजले, लिफ्ट असताना. पायांना काहीतरी काम हवं होतं. खरं तर मला ह्या बाईच्या पाया पडायचं होतं, आणि ते राहून गेलं होतं.

सोमवारी पॅनलच्या आधी मी फॉर्म भरायला बसले. पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘माझ्या सासूबाई शकुंतला माझे कामाचे कपडे शेवटच्या पाण्यात वाळा घालून धुतात. जून २०१३ पासून. माझ्या नाकाला विसावा मिळावा म्हणून.’ शेवटचं वाक्य फॉर्मला नको होतं, पण मूळ कारण विचारलं होतं आणि मूळ तेच होतं. दुसऱ्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. खिडकीतून पांढरी खोली दिसत होती, सहा खुर्च्या, मधली माझी. ती मला आवडते. तिच्यावर बसले की मी कुणीतरी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आईंना नुसतं एक वाक्य सांगायचं होतं, त्यांनी त्या दिवसापासून बादलीत वाळा घातला नसता, एक टोमणा मारून गप्प बसल्या असत्या, आणि दोन महिन्यांनी खुर्ची माझीच. मी लिहिलं, ‘उपाययोजना करणार नाही. वाळ्याचे नमुने मला देऊ नयेत.’ खाली सही केली.

प्रियंकाने तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. म्हणाली, “ताई, ऑडिटवाला विचारेल हे काय आहे.” मी म्हटलं, विचारू दे, मी सांगेन. ती म्हणाली मृणालिनीताईंना मधल्या खुर्चीवर बसवावं लागेल. मी म्हटलं, तिचे आकडे बिनचूक आहेत, बसवायलाच हवं होतं. प्रियंकाने कागदावर शिक्का मारला आणि मग, शिक्का वाळायची वाट बघत असल्यासारखी, म्हणाली की तिची आजी आजोबांच्या रस्त्याच्या डांबराच्या कपड्यांना कसलीतरी पानं लावायची, कसली ते आता घरात कुणालाच माहीत नाही.

मी कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथून खिडकी जवळ आहे, हे मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. पहिली पट्टी गवती चहाची होती. पट्टी उचलायच्या आधी हात वाकवून कोपराला नाक लावलं. मशीनमध्ये धुतलेला कुडता, कसलाच वास नाही, शून्य. हे ह्या शनिवारपर्यंतच. पुढच्या सोमवारी मी आईंच्या हातचा कुडता घालून येईन, आणि काही दिवस, फार तर महिनाभर, मला कोपरात वाळा येत राहील. मग तो येईनासा होईल. तेव्हा मी मनात धरीन की तो आहे.